‘संपूर्ण कच्चा आहार’ सांगून हाडाशिवायचं मांस विकलं, आणि आमच्या पिल्लाचा पाय मोडला

खंडूचा पुढचा डावा पाय अजून पूर्ण सरळ नाही. चालतो, पळायचा प्रयत्नही करतो, पण वळताना तो पाय जरा बाहेर जातो. तो दिसला की मला पैशांची नाही, स्वतःची चीड येते. मोठ्या जातीचं पिल्लू घरी आणलेल्या किंवा आणणार असलेल्या प्रत्येकानं हे वाचावं म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं. शेत गावापासून लांब. विहिरीवरची केबल चोरट्यांनी दोनदा कापून नेली, आणि वेचणीच्या दिवसांत कापूस शेडमध्ये पडून असतो. म्हणून मोठं कुत्रं पाळायचं ठरलं. जर्मन शेफर्डचं पिल्लू आणलं, दोन महिन्यांचं, सहा किलोचं. आणलं तो दिवस चंपाषष्ठीचा, म्हणून आईनं नाव ठेवलं खंडू.

लस टोचायला नेलं तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी न विचारता सांगितलं होतं, “भाऊ, हे मोठ्या जातीचं आहे. पिशवीवर ‘लार्ज ब्रीड पपी’ लिहिलेलं खाद्य द्या. घरचं द्यायचं असेल तर काय आणि किती ते आधी मला दाखवा.” मी मान डोलावली आणि घरी आलो.

त्याच रात्री मोबाइलवर एकाची जाहिरात दिसली. पिळदार अंगाची कुत्री, चमकणारी कातडी, आणि खाली लिहिलेलं, ‘मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी संपूर्ण कच्चा आहार’. मेसेज टाकला, दहा मिनिटांत त्याचा फोन. बोलणं इतकं गोड आणि इतकं मुद्देसूद की मी मधे बोललोच नाही. “सर, लांडग्याला कधी चपाती खाताना बघितलंय का? कुत्र्याचं पोट कच्च्या मांसासाठीच बनलंय.” मग त्यानं एक प्रमाण सांगितलं: ऐंशी टक्के मांस, दहा टक्के हाड, दहा टक्के काळीज-गुर्दा वगैरे. हे प्रमाण त्यानं बनवलेलं नाही, कच्चा आहार देणारे लोक ते खरंच वापरतात. म्हणूनच मी फसलो. ऐकीव खऱ्याच्या आत त्यानं आपलं खोटं बसवलं होतं. हाड दळून मांसातच मिसळलेलं असतं, वेगळं काही द्यायचं नाही, कॅल्शिअमचं औषध तर अजिबात नाही, असं त्यानं तीनतीनदा सांगितलं. मी डॉक्टरांचं म्हणणं काढलं तर म्हणाला, “डॉक्टर पोत्यातलं खाद्यच सांगणार सर, त्यांना त्यात कमिशन असतं.” हे वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. पुढचे दोन महिने मी दवाखान्याची पायरी चढलो नाही, ते या एका वाक्यामुळे.

आधी दोन किलोचा नमुना आला. अर्ध्या अर्ध्या किलोची गोठलेली पाकिटं. वितळल्यावर चिमटीत धरलं की बारीक कचकच लागायची, दळलेल्या हाडाची. वास ताजा. खंडूनं चाटूनपुसून खाल्लं. मग सहा महिन्यांचं पॅकेज घेतलं: दर महिन्याला वीस किलो, एकूण २७,००० रुपये, सगळे आगाऊ. पैसे जाताना मोबाइलवर भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, भावाचं खातं आहे.

इथे थोडा हिशेब मांडतो, कारण तो मी तेव्हा मांडायला हवा होता. १२० किलोला २७,००० म्हणजे किलोला २२५ रुपये. पाकिटावर छापलेलं, मटण आणि चिकन. आमच्याकडे मटण सातशेच्या पुढे. निवडलेलं, दळलेलं, गोठवलेलं, थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून गाडीनं पाठवलेलं मटण २२५ रुपयांत कुणाला परवडेल? कापसाच्या व्यापाऱ्याशी मी क्विंटलमागे पन्नास रुपयांसाठी तासभर बोलतो. इथे साधा भागाकार केला नाही.

पार्सल ट्रॅव्हल्सच्या गाडीनं यायचं. पहाटे पारोळ्याला हायवेवर जाऊन मी मोटारसायकलवर पेटी आणायचो आणि मेहुण्याच्या दुकानातल्या डीप फ्रीझरमध्ये ठेवायचो. दुसऱ्याच पेटीतली पाकिटं अर्धी वितळलेली होती. खंडूला दोन दिवस जुलाब झाले. विकणाऱ्यानं सांगितलं, “डिटॉक्स होतंय सर, अंगातली घाण बाहेर पडतेय. चांगलं लक्षण आहे.” जुलाब हे चांगलं लक्षण नसतं. कच्च्या मांसात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात, एकदा वितळलं की ते झपाट्यानं वाढतात, आणि कुत्र्याच्या तोंडातून, विष्ठेतून, त्याच्या भांड्यातून माणसांपर्यंत येतात. माझी चार वर्षांची पुतणी त्याच्या गळ्यात हात टाकून बसायची. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

जानेवारीच्या शेवटी शेतात भरिताची पार्टी होती. एरवी पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या काड्यांचा, जाळ पेटला की खंडू सगळ्यांत आधी हजर. त्या दिवशी तो शेडच्या कडेला बसून राहिला. हाक मारली तर शेपटी हलवली, उठला नाही. आमच्या बांधावर मेंढ्या चारणारे एक बाबा जेवायला आले होते. त्यांनी खंडूला बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “भाऊ, याले दुखी राह्यनं. त्याना पाय दख.”

मी वाकून पाहिलं. पुढचे पंजे फाकलेले, बोटं जमिनीवर पसरलेली, मनगट मातीला टेकायच्या बेतात. पोटाखाली हात घालून उचलायला गेलो तर असा केकाटला की जेवणारी माणसं उठून उभी राहिली. दोन महिने माझ्या मांडीवर झोपणारं पिल्लू, माझा हात लागताच ओरडलं.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला नेलं, तिथे एक्स-रे निघतो. फोटोत मला काही कळेना. डॉक्टर म्हणाले, न कळणं हाच रोग आहे. हाड पांढरं उठून दिसायला हवं, इथे ते मांसाइतकंच फिकट होतं. पुढच्या डाव्या पायात एक रेघ होती. ती त्यांनी समजावली तशीच सांगतो: ओली पऱ्हाटी मोडायला गेलं तर ती कडकन तुटत नाही, वाकते आणि एका बाजूनं उकलते. माझ्या चार महिन्यांच्या पिल्लाचं हाड तसं उकललं होतं. कुठे पडला नाही, कुणी मारलं नाही. शेडच्या ओट्यावरून खाली उतरला असेल, तेवढंच.

“काय खायला घालता?” मी अभिमानानं सांगितलेलं ते शेवटचं वाक्य: संपूर्ण कच्चा आहार, हाडासकट. डॉक्टर म्हणाले, “पाकिटं घेऊन या.”

नमुन्यातलं एक पाकीट फ्रीझरच्या तळाशी राहिलं होतं. ते आणि पॅकेजमधली दोन, अशी तीन पाकिटं बर्फात घालून नेली. डॉक्टरांनी ती शेजारी शेजारी ठेवून त्यांचाच एक्स-रे काढला. नमुन्याच्या पाकिटात रव्यासारखे पांढरे कण पसरलेले दिसले, तेच हाड. बाकीची दोन नुसती राखाडी, एकही कण नाही. मग एक वितळवून चाळणीत धुतलं. खाली उरलं ते ब्रॉयलरची कातडी, फुफ्फुसाचे फेसाळ तुकडे आणि चरबी. मटणाचा पत्ता नव्हता.

आता त्यात काय बिघडलं ते. १०० ग्रॅम चिकनच्या मांसात फॉस्फरस दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो आणि कॅल्शिअम जेमतेम दहा-बारा. वाढत्या पिल्लाला कॅल्शिअम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं, एकास सव्वा-दीडच्या दरम्यान. नुसत्या मांसात ते फॉस्फरसच्या पंधरा-वीस पटींनी कमी पडतं. रक्तातलं कॅल्शिअम कमी होऊन चालत नाही, कारण हृदय आणि स्नायू त्यावर चालतात. म्हणून गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जोर धरतात आणि हाडातून कॅल्शिअम ओढून रक्तात सोडतात. म्हणून खंडूच्या रक्ताचा रिपोर्ट जवळपास नॉर्मल आला. नुसता तो पाहून कुणी निर्धास्त होऊ नका. शरीर स्वतःचं हाड खाऊन रिपोर्ट चांगला ठेवत असतं.

हे ऐकून मी लगेच विचारलं, मग कॅल्शिअमची बाटली चालू करू का? डॉक्टरांनी जवळजवळ दटावलंच. मोठ्या जातीच्या पिल्लाला जास्तीचं कॅल्शिअमही तितकंच घातक. मोठं कुत्रं नको तेवढं कॅल्शिअम आतड्यातच थांबवतं, पण सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू ते नीट थांबवू शकत नाही, मिळेल तेवढं अंगात घेतं. मग कूर्चेचं हाड बनण्याची घडी विस्कटते, सांधे बिघडतात. हॉलंडमध्ये ग्रेट डेन पिल्लांवर १९८०च्या दशकात झालेल्या अभ्यासात हेच दिसलं होतं. आमच्याकडे ‘मोठं कुत्रं आहे, पाज कॅल्शिअम’ असं सर्रास करतात. ते करू नका. भरभर वाढवण्याचा हट्टही नको. त्या माणसानं ‘महिन्यात वजन दुप्पट’ म्हणून खूश केलं होतं. मोठ्या जातीचं पिल्लू सावकाश वाढलेलं बरं, हात फिरवला तर बरगड्या बोटांना लागाव्यात इतपत.

उपचार साधा होता, पण जड गेला. मोजलेलं, पिल्लांसाठीचं तयार खाद्य, दुखण्यावर डॉक्टरांनी दिलेलं औषध, आणि सहा आठवडे छोट्या कोंडवाड्यात. उडी नाही, पायरी नाही, पळणं नाही. चार महिन्यांच्या पिल्लाला असं कोंडून ठेवणं काय असतं ते आईला विचारा. ती रोज दुपारी कोंडवाड्याशेजारी पोतं टाकून शेंगा निवडत बसायची, त्याला एकटं वाटू नये म्हणून. महिन्यानं पुन्हा एक्स-रे काढला, तेव्हा हाडं पांढरी दिसायला लागली होती. मी दवाखान्यातच रडलो.

त्या माणसाला मी दोन्ही एक्स-रे पाठवले. आधी म्हणाला, पिल्लात मुळातच दोष असणार. मग म्हणाला, तुम्ही पाकिटं नीट साठवली नाहीत. साठवण्यानं हाड कसं नाहीसं होईल, असं विचारलं. त्यानंतर मेसेज जाणं बंद झालं. जाहिरातीचं पानही माझ्यापुरतं गायब. शेजारच्या पोराच्या मोबाइलवर ते अजून दिसत होतं, तीच कुत्री, तोच मजकूर.

कच्चा आहार द्यायचाच नाही, असं माझं म्हणणं नाही. बरेच जण देतात, पण मोजून, डॉक्टरांना दाखवून. ज्यांना द्यायचा आहे त्यांनी विकणाऱ्याकडून एक आकडा लेखी मागावा: १०० ग्रॅममध्ये कॅल्शिअम किती आणि फॉस्फरस किती. खरा धंदा करणारा तो सांगेल. बोलणं लांडग्यावर, पूर्वजांवर गेलं तर तिथेच थांबा. प्रत्येक पार्सलमधलं एक पाकीट वितळवून चाळणीत धुवून पाहा, नुसत्या नमुन्यावर जाऊ नका, नमुना मलाही चांगलाच आला होता. सहा महिन्यांचे पैसे एकदम कुणालाच देऊ नका. आणि जो तुम्हाला डॉक्टरपासून तोडायला बघतो, त्याच्याकडून काहीच घेऊ नका, कारण त्याचं खोटं पकडू शकणारा गावात तो एकच माणूस असतो. पिल्लू उठायला कंटाळतंय, पंजे फाकतायत, उचलताना ओरडतंय, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी दाखवा. मी फोटोतल्या कुत्र्यांवर विश्वास ठेवून थांबलो.

पैसे गेल्याचं लगेच कळलं असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता असते. मला उशिरा कळलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. २०१९च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, विकणाऱ्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. वकिलाशिवायही जाता येतं. मी सगळे मेसेज, पैसे गेल्याची पावती, दवाखान्याची बिलं आणि तिन्ही पाकिटांचा तो एक्स-रे जोडलाय.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खंडू पहिल्यांदा माझ्याबरोबर विहिरीपर्यंत चालत आला, दोरी लावून, हळूहळू. परत येताना मधेच बसला. मी पण त्याच्याशेजारी बांधावर बसलो. मेहुण्याच्या फ्रीझरमध्ये अजून दोन पाकिटं आहेत, पुरावा म्हणून चिकटपट्टी लावून, वर तारीख घालून ठेवलेली. दुकानातल्या पोराला सांगून ठेवलंय, कितीही गर्दी झाली तरी त्यांना हात लावायचा नाही.