एक्सपल्स २०० ४व्ही आणि हिमालयन ४५०: काळ्या रानात आणि हायवेला दोन्ही चालवून झाल्यावरचा अनुभव

आमच्या घरात दोन्ही गाड्या आहेत म्हणून लिहितोय, कारण गेल्या वर्षभरात ओळखीच्या पाच-सहा जणांनी हाच प्रश्न विचारला की एक्सपल्स घेऊ का हिमालयन, आणि प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगून झालंय. हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही बाईक माझी, २२ महिन्यांत ३१ हजार किलोमीटर झालेत. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० दादाची, तिला १३ महिने झाले, त्यात साडेतीन-चार हजार किलोमीटर मी चालवलेत. आम्ही जुळे सोलापूरला राहतो. माझं काम ठिबकचं, म्हणजे रानात जायचं, मापं घ्यायची, लाईन टाकून द्यायची, फिल्टर चोकअप झाला की पळायचं. मोहोळ, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर, कधी सांगोला, रोजचे पन्नास-साठ किलोमीटर ठरलेले आणि त्यातले शेवटचे दोन-तीन कायम बिनडांबराचे. दादा टॉवेलच्या कारखान्याचं मार्केटिंग बघतो, महिन्यातून दोन-तीनदा पुणे नाहीतर हैदराबाद, आणि तो बाईकनेच जातो. त्यामुळे दोन्ही गाड्यांना खरं काम आहे, रविवारची फिरायची गाडी यातली एकही नाही.

आकडे एकदा सांगून टाकतो कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. एक्सपल्स १९९.६ सीसी, ऑइल कूल्ड, साधारण १९ पीएस पॉवर, १७.३५ न्यूटन मीटर टॉर्क (ओढायची ताकद), ५ गिअर, १३ लिटरची टाकी, वजन १६० किलोच्या आतबाहेर. हिमालयन ४५२ सीसी, लिक्विड कूल्ड, ४० पीएस, ४० न्यूटन मीटर, ६ गिअर, १७ लिटरची टाकी, वजन १९६ किलो. पुढचं चाक दोन्हीला २१ इंची. मागचं एक्सपल्सला १८, हिमालयनला १७. सीटची उंची दोन्हीची ८२५ मिमी, हिमालयनची वर करून ८४५ पण करता येते. माझी उंची पाच फूट सहा इंच, कागदावर दोन्ही सारख्याच उंच, पण सिग्नलला थांबल्यावर एक्सपल्सवर पायाची बोटं टेकली तरी जीवाला घोर नसतो आणि हिमालयनवर रस्ता जरा कलता असला की पाय टेकायच्या आधी जागा बघावी लागते, हे वजनाचं काम आहे, उंचीचं नाही.

आता ऑफ रोड. बहुतेक व्हिडिओत ऑफ रोड म्हणजे स्पिती, लडाख, दगडगोटे, नदी ओलांडणं वगैरे असतं. आपल्याकडे ऑफ रोड म्हणजे पाणंद, कालव्याच्या भरावावरची वाट, उसाच्या ट्रॅक्टरने पाडलेली चाकोरी, आणि पाऊस झाला की काळी माती. सोलापुरात गाडी घेणाऱ्याने सस्पेन्शन किती मिमी आहे हे बघायच्या आधी एकच विचार करावा, काळ्या चिखलात ही गाडी आडवी झाली तर मी एकटा उभी करू शकतो का. माझ्या मते आपल्या भागात हाच पहिला प्रश्न आहे, बाकी पॉवर, मोड, डिस्प्ले सगळं त्याच्यानंतर.

हे मला कसं कळलं ते सांगतो. गेल्या सप्टेंबरात मंद्रूपच्या पुढे हत्तरसंग कुडलच्या बाजूला एका शेतकऱ्याचा व्हॉल्व्ह फुटला म्हणून सकाळीच फोन आला. (भीमा-सीनेचा संगम आहे तिथे, आणि शके ९४० चा मराठी शिलालेख असलेलं जुनं देऊळ, गेला नसाल तर एकदा नक्की जा.) माझी गाडी चेन सेट बदलायला सोडलेली होती म्हणून दादाची हिमालयन घेऊन गेलो. दोन दिवसांपूर्वी पाऊस झालेला, वरून पाणंद वाळलेली दिसत होती, पापुद्रा आलेला. वाटेच्या तोंडाशी एक मामा बसले होते, म्हणाले, "मालक, गाडी हितंच लावा, आत वाफसा नाही अजून." मी म्हटलं जाईल की, ४० पीएस आहेत. दोनशे मीटर गेलो असेन. पापुद्रा फुटला, खालचा चिखल लोण्यासारखा, पुढच्या टायरच्या सगळ्या खाचा भरल्या, टायर गुळगुळीत झाला आणि चाकोरीत शिरला. वेग चालण्याएवढाच होता, डावा पाय टाकला, पाय पण घसरला आणि गाडी हळूच डाव्या अंगावर बसली.

मला काही लागलं नाही, गाडीला पण नाही. पण उचलता येईना. पद्धत मला माहीत आहे, हँडल पूर्ण वळवायचं, गाडीकडे पाठ करून बसायचं, एक हात ग्रिपला एक मागच्या रॅकला आणि पायाने रेटत उठायचं, डांबरावर मी ती गाडी तशी उचलून बघितलेली आहे. पण चिखलात रेटायला पायाखाली घट्ट काही नसतं, टाच रोवली की टाचच पुढे सरकते. तीनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा गुडघ्यापर्यंत उठली आणि परत बसली. शेवटी तेच मामा आणि त्यांचा मुलगा आले, तिघांनी मिळून उभी केली, मग इंजिन इको मोडवर (ताकद सौम्य करणारा मोड), पहिला गिअर, मी एका बाजूने आणि पोरगा मागून, असं करत ते दोनशे मीटर बाहेर यायला पाऊण तास गेला. मामा एक शब्द बोलले नाहीत, उलट पाय धुवायला पाणी दिलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी त्याच रानात परत जायचं होतं, परत तशीच परिस्थिती, यावेळी एक्सपल्स. तिच्यावरून पण पडलो, एकदा नाही दोनदा, त्यामुळे एक्सपल्स चिखलात पडत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, काळ्या मातीत सगळं घसरतं. फरक एवढाच की दोन्ही वेळा मी एकट्याने उचलली, टायरच्या खाचांतला चिखल काडीने काढला, खाली उतरून पहिल्या गिअरवर क्लच धरत शेजारून चालवत नेली आणि पोचलो. दोन गाड्यांच्या वजनात ३५-४० किलोंचा फरक आहे, युरियाचं पोतं ४५ किलोचं असतं, त्याच्यापेक्षा थोडं कमी. आता तेवढं ओझं पाठीवर घेऊन चिखलात उठायचंय असं डोळ्यासमोर आणा.

टॉर्कचं पण उलटं गणित आहे. चिखलात जास्त टॉर्क म्हणजे थ्रॉटल जरा जास्त झालं की मागचं चाक जागेवर फिरतं आणि खड्डा पाडत खाली जातं. हिमालयनला अशा वेळी इको मोडच ठेवा, परफॉर्मन्स मोड कोरड्या रस्त्यासाठी. एक्सपल्सला मोड फक्त एबीएसचे (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय) आहेत, रोड, ऑफ रोड आणि रॅली, रॅलीत एबीएस पूर्ण बंद, इंजिन तेच, पण ते इंजिन खालून इतकं समजुतीने ओढतं की वेगळ्या मोडची गरजच लागत नाही. एक लक्षात ठेवा, एक्सपल्सला एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे, मागचं चाक जोरात ब्रेक मारला की लॉक होतं. मुरमाच्या उतारावर ते सोयीचं पडतं, पण सकाळी दव पडलेल्या डांबरावर सावध. हिमालयनला दोन्ही चाकांना एबीएस आहे आणि मागचं बंद करता येतं, हे मला जास्त आवडलं.

कोरड्यात मात्र चित्र बदलतं. नान्नजकडच्या माळावरच्या मुरमाच्या वाटा आहेत ना (अभयारण्याच्या हद्दीत गाडी घालू नका, माळढोकसाठी राखलेलं रान आहे ते), तिथे उन्हाळ्यात दोन्ही गाड्या चालवल्या आणि मला स्वतःला हिमालयन जास्त भावली. पुढे-मागे २०० मिमी ट्रॅव्हल (सस्पेन्शन वर-खाली किती हलतं ते), गाडी जड असल्यामुळे बारीक दगडांवरून नाचत नाही, उभं राहून चालवताना टाकी गुडघ्यात छान बसते. एक्सपल्सचा ट्रॅव्हल १९० आणि १७० मिमी, कमी नाही, पण चाळीसच्या पुढे खडीवर ती हलकी असल्यामुळे उड्या मारते आणि हाताला काम लागतं. ज्यांच्या गावाकडे मुरमाड जमीन आहे त्यांनी माझा वरचा चिखलाचा परिच्छेद निम्माच धरावा.

हायवेला. आपल्याकडे चारपदरी रस्त्यावर दुचाकीला ८० ची मर्यादा आहे, त्यामुळे टॉप स्पीडच्या गप्पा मी मारत नाही. प्रश्न असा आहे की ८० वर तीन-चार तास बसल्यावर माणसाचं काय होतं. एक्सपल्स ८० वर आरामात चालते पण तिच्याकडे हातचं राखलेलं फार कमी उरतं, समोरून वारा असला किंवा चढ लागला की थ्रॉटल अजून पिळावं लागतं. हिमालयन ८० ला सहाव्या गिअरमध्ये निवांत चालते, इंजिन चालू आहे एवढंच कळतं. सोलापूर-पुणे अडीचशे किलोमीटर मी दोन्हीवर केलंय. एक्सपल्सवर भिगवणपर्यंत मजा, नंतर बूड आणि मनगट दोन्ही बोलायला लागतात. हिमालयनवर पुण्यात उतरून दिवसभर काम करून दुसऱ्या दिवशी परत आलो.

आणि खरा फरक ऊस वाहतुकीत कळतो. नोव्हेंबर ते मार्च संध्याकाळच्या वेळी मोहोळ किंवा पंढरपूर रोडला या, दोन दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, बाहेर आलेलं वाढं (उसाचे शेंडे), मागे रिफ्लेक्टर असेलच असं नाही. दोन ट्रॉल्यांची लांबी पार करायला एक्सपल्सवर आधीच एक गिअर खाली टाकून, समोर भरपूर मोकळं बघूनच निघावं लागतं, मध्येच विचार बदलला तर मागे यायचं. हिमालयनवर मनगट वळवलं की ट्रॉली मागे. हा सुरक्षिततेचा मुद्दा आहे, त्यामुळे ज्याचं रोजचं जाणं-येणं हायवेला आणि संध्याकाळचं आहे त्याला मी एक्सपल्स घे असं सांगणार नाही.

उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो आणि लिक्विड कूल्ड गाडी म्हटल्यावर ट्रॅफिकमध्ये फॅन सुरू होणार आणि गरम हवा पायावर येणार. सात रस्ता किंवा आसरा चौकात दुपारी दोनला अडकलात तर ते जाणवतं. ऑइल कूल्ड गाडी पण तापते, पण इंजिनच लहान असल्यामुळे झळ कमी. मी उन्हाळ्यात सकाळी सहाला निघून अकराच्या आत परततो, गाडीपेक्षा माणसासाठी.

मायलेज माझ्या वापरात एक्सपल्सचं ३८ ते ४०, हिमालयनचं २८-२९. पण टाकी १३ आणि १७ लिटरची असल्यामुळे दोन्ही गाड्या एका टाकीत जवळजवळ सारख्याच लांब जातात, साडेचारशे किलोमीटर धरून चाला.

पंक्चर हा आमच्या भागातला मोठा विषय, वेड्या बाभळीचा काटा. बांधावर तोडून टाकलेल्या फांद्या वाळल्या की त्यांचे काटे खिळ्यासारखे होतात. आमच्या दोन्ही गाड्या स्पोक रिमच्या आणि ट्यूबवाल्या आहेत (हिमालयनला नंतर ट्यूबलेस स्पोक व्हीलचा पर्याय आला, आता घेणार असाल तर डोळे झाकून तोच घ्या). २२ महिन्यांत माझी ११ पंक्चर झाली, त्यातली ८ मागच्या चाकाची. खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडे २१ इंची ट्यूब मिळत नाही, म्हणून मी एक २१ ची ट्यूब कायम सीटमागे बांधलेली ठेवतो, अडीअडचणीला ती मागच्या चाकात पण घालता येते, फक्त नंतर लवकर बदला. एक्सपल्सला सेंटर स्टँड नसल्यामुळे मागचं चाक काढायला इंजिनखालच्या बॅश प्लेटला दगडाचा टेकू द्यायचा, साइड स्टँड लावलेलाच ठेवायचा, जोडीला माणूस असेल तर बरं. टायर लिव्हर दोन, पायाचा छोटा पंप आणि पॅचचं किट, एवढं जवळ असलं की रानात अडकून पडत नाही.

काळी माती चेनला पण खाते. चिखल वाळला की चेनच्या कड्यांत सिमेंटसारखा बसतो, म्हणून संध्याकाळी घरी आल्यावर नुसतं पाणी मारा, ओलं असतानाच निघतं. दर पाचशे किलोमीटरला केरोसिन आणि मऊ ब्रशने साफ करून ९० नंबरचं गिअर ऑइल. एअर फिल्टर पुस्तकात दिलंय त्याच्या निम्म्या अंतरावर उघडून बघतो, ज्वारी काढायच्या दिवसांत तर त्याच्याही आधी. ऑनलाइन मागवलेले हँडगार्ड पहिल्याच पडण्यात तुटले, मग शहरातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी पट्टीचे करून घेतले, ते अजून आहेत.

मागे बसणाऱ्याचं पण बघा. बायकोला अक्कलकोटला नेलं की ती स्पष्ट सांगते, हिमालयन काढा. मागची सीट रुंद, धरायला जागा, आणि दोघांच्या वजनाने गाडी दबत नाही. आई मात्र दोन्हीवर ओट्याच्या पायरीवरूनच बसते, आणि हिमालयनवर बसताना मला गाडी पक्की धरून ठेवावी लागते.

पैशाचं म्हटलं तर हिमालयन साधारण दुपटीच्या आसपास जाते, आणि सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांना ४० टक्के आणि खालच्यांना १८ टक्के जीएसटी झाल्यामुळे दोन्हीतलं अंतर अजून वाढलं. वरचे पैसे जर फक्त शेतरस्त्यासाठी घालणार असाल तर घालू नका, हे मी दादासमोर पण बोललोय आणि त्याला ते पटलंय. त्याचे महिन्याचे दीड हजार किलोमीटर हायवेचे आहेत म्हणून त्याची गाडी त्याला बरोबर आहे.

टेस्ट राइडला जाताना शोरूमच्या गल्लीतून चक्कर मारून येऊ नका. ओळखीच्या कुणाची गाडी मागून घ्या, टाकी भरलेली असताना मऊ जमिनीवर हळूच आडवी करा (मालकाला आधी विचारून) आणि एकट्याने उचला.

माझ्या मागच्या टायरच्या खाचा आता संपत आल्यात. जास्त गुठळ्यांचा ऑफ रोडवाला टायर बसवायचा विचार होता, पण तो डांबरावर आवाज करतो आणि लवकर झिजतो, माझे निम्म्याहून जास्त किलोमीटर डांबराचेच आहेत, त्यामुळे परत कंपनीच्याच पॅटर्नचा घेतोय. रब्बीची पेरणी उरकली की शेतकऱ्यांचे फोन जरा कमी येतात, तेव्हाच बदलून घेईन.