लायनरच्या स्विमिंग पूलचा तळ: व्हर्मिक्युलाइट की पर्लाइट, आणि माल हाताखाली मऊ कसा येईल

व्हिनायल लायनरचा, म्हणजे आतून प्लॅस्टिकच्या पातळ अस्तराचा स्विमिंग पूल बसवायचा ठरला की पॅनल, पंप, फिल्टर यांवर भरपूर चर्चा होते आणि तळाचा माल गवंड्यावर सोडून दिला जातो. लायनरची जाडी असते अर्धा ते पाऊण मिलिमीटर. दीड मीटर पाणी भरलं की तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर दीड टन भार येतो आणि लायनर खालच्या प्रत्येक उंचवट्यावर घट्ट बसतो. थापीची राहिलेली धार, सुटलेला खडा, भेगेची कड असं सगळं पायाला लागतं आणि दुपारच्या उन्हात पाण्यातून दिसतंही. म्हणून तळाचा माल नीट घोटला जाणं ही या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. इथे तुलना आहे ती लायनरखालच्या ५० मिलिमीटर हलक्या थराची. आरसीसी तलावाच्या भिंती आणि स्लॅबसाठी हा माल चालत नाही. तिथे आयएस ३३७० (पाणी साठवणाऱ्या काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक) प्रमाणे किमान एम ३० दर्जाचं काँक्रीट लागतं. शिवाय जमिनीतल्या तलावाचं वजन कमी करून फायदाही नाही. पावसाळ्यात भूजल वर आलं आणि तलाव रिकामा असला, तर त्याला जागेवर धरून ठेवतं ते त्याचं वजनच.

तीन पर्याय

पहिला आपल्या ओळखीचा, वाळू-सिमेंटचा कोबा. स्वस्त, कुठेही मिळणारा, हात बसलेला. पण पायाखाली दगडासारखा लागतो, उतारावर जड पडतो आणि आकसून फुटला की भेगेची कड धारदार राहते. ४ बाय ८ मीटरच्या तलावाचा तळ उतारासकट साधारण ४० चौरस मीटर धरला, तर ५० मिलिमीटर जाडीला २ घनमीटर माल लागतो. वाळू-सिमेंटमध्ये त्याचं वजन ४ टनांच्या वर जातं. हलक्या मालात तोच थर वाळल्यावर टनाच्या आसपास राहतो.

व्हर्मिक्युलाइट हे अभ्रकासारखं पापुद्र्यांचं खनिज. तापवलं की पापुद्रे पेटीच्या भात्यासारखे उघडतात. त्यामुळे दाणा दाबला तर दबतो, फुटत नाही. तळ पायाला किंचित मऊ लागतो आणि घसरून पडलेल्या मुलाच्या गुडघ्यालाही कमी लागतं. हा दाणा पाणी मात्र स्पंजासारखं पितो आणि पीतच राहतो. खरेदी करताना पुरवठादाराकडून ॲस्बेस्टॉस नसल्याचं चाचणीपत्र मागून घ्या. अमेरिकेत मोंटानातल्या लिबी इथल्या खाणीतल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये ॲस्बेस्टॉस मिसळलेलं होतं. ती खाण १९९० साली बंद झाली, पण तेव्हापासून हा प्रश्न विचारणं शहाणपणाचं ठरलं आहे.

पर्लाइट ही ज्वालामुखीची काच. भट्टीत ९०० अंशांच्या आसपास ती लाहीसारखी फुलते. तळ व्हर्मिक्युलाइटपेक्षा कडक आणि गुळगुळीत येतो, पाणी कमी लागतं. पण दाणा ठिसूळ असतो. मिलरमध्ये, म्हणजे माल कालवण्याच्या यंत्रात, जास्त वेळ फिरवला की पात्यांखाली त्याचा चुरा होतो, मालाचं आकारमान घटतं आणि तेवढ्याच गोण्यांत काम पुरत नाही. धूळही फार उडते, गोणी फोडताना मास्क हवाच.

नर्सरीत मिळणारं बागेचं पर्लाइट किंवा व्हर्मिक्युलाइट घेऊ नका. दाणा मोठा असतो, घोटाईला पृष्ठभाग बंद होत नाही. बांधकामाच्या किंवा प्लास्टरच्या ग्रेडचा बारीक दाणा मागा.

प्रमाण आणि ताकद

आकारमानाने १ सिमेंट आणि ५ हलका दाणा हे मधलं आणि भरवशाचं प्रमाण. ५० किलोची गोणी म्हणजे अंदाजे ३३ लिटर सिमेंट, म्हणून दाणा १६५ लिटर. हवा धरणारं रसायन (त्याबद्दल पुढे) घातलेल्या पर्लाइटला एका गोणीमागे ५० लिटरच्या आसपास पाणी लागतं आणि माल जवळजवळ दाण्याच्या आकारमानाइतकाच, म्हणजे १६५ लिटर निघतो. ५० मिलिमीटर जाडीला एका गोणीत सव्वातीन चौरस मीटर. वरच्या उदाहरणातल्या तलावाला नासाडी धरून १४ गोण्या सिमेंट आणि २.३ घनमीटर पर्लाइट. त्याचं वजन जेमतेम ३०० किलो, पण टेम्पो भरतो. भाडं ठरवताना हे लक्षात असू द्या.

व्हर्मिक्युलाइटला तेवढ्याच सिमेंटमागे ६० ते ७५ लिटर पाणी जातं. लॉटप्रमाणे फरक पडतो, म्हणून पहिला घाणा (एका वेळी कालवलेला माल) अर्ध्या गोणीचाच करावा.

१:४ च्या पर्लाइट मालाची ताकद अडीच ते साडेतीन मेगापास्कल (एमपीए), १:६ ची एक ते दीड. लायनरखाली दोन्ही पुरतात. पण १:६ च्या पुढे गेलं की घोटताना दाणे उपटून यायला लागतात. १:४ घोटायला छान, फक्त सिमेंट जास्त असल्याने आकसतो थोडा जास्त.

माल मऊ करण्याचे मार्ग

नेहमीची सवय म्हणजे थापी अडली की पाणी ओतायचं. हलक्या मालात याची किंमत लगेच दिसते. पर्लाइटमध्ये दाणे वर तरंगतात, सिमेंटचं दूध खाली बसतं, आणि वाळल्यावर वरचा थर बोटाने भुगा होतो. व्हर्मिक्युलाइटमध्ये घातलेलं पाणी दाणा पिऊन टाकतो, थापीचा दाब पडला की तेच पाणी पिळून वर येतं, आणि मऊ वाटलेला माल दहा मिनिटांत पुन्हा अडतो.

खरा फरक पाडतं ते हवा धरणारं रसायन, म्हणजे एअर एन्ट्रेनिंग ॲडमिक्श्चर. ते मालात असंख्य बारीक, टिकणारे बुडबुडे तयार करतं. दाणे एकमेकांवर घासण्याऐवजी या बुडबुड्यांवरून सरकतात. पाणी कमी लागतं, दाणे तरंगत नाहीत, घोटाई सोपी होते. आयएस ९१०३ नुसारचं घ्या आणि मात्रा डब्यावर दिलेल्याप्रमाणे मिलिलिटरमध्ये मोजून घाला, अंदाजाने धार सोडू नका. जास्त झालं तर ताकद पडते. साध्या काँक्रीटमध्ये प्रत्येक १ टक्का जादा हवेमागे सुमारे ५ टक्के ताकद जाते, आणि इथे मुळातच ताकद कमी आहे. भांड्यांचा साबण हा पर्याय नाही. त्याचा फेस मोठा आणि कच्चा असतो, माल पसरेपर्यंत बसून जातो.

उतारावर माल खाली ओघळत असेल तर उपयोगी पडतं एचपीएमसी, सेल्युलोजपासून बनलेली भुकटी, टाइल ॲडहेसिव्हमध्ये असतं तेच. सिमेंटच्या वजनाच्या ०.१ ते ०.२ टक्के, म्हणजे गोणीमागे ५० ते १०० ग्रॅम. ते आधी कोरड्या सिमेंटमध्ये नीट मिसळा. थेट पाण्यात टाकलं तर गाठी होतात. हे पाणी धरून ठेवतं, म्हणून एप्रिल-मेच्या वाऱ्यात वरचा पापुद्रा लवकर सुकत नाही. जास्त झालं तर माल थापीला चिकटून ओढला जातो आणि घट्ट व्हायलाही उशीर लागतो.

सुपरप्लास्टिसायझरबद्दल बरेच जण आग्रही असतात, पण या कामात त्याचा फार फायदा नाही. ते सिमेंटचा लगदा पातळ करतं, आणि पातळ लगदा हलक्या दाण्याला धरून ठेवू शकत नाही. पैसे त्यावर घालण्यापेक्षा सिमेंटच्या निवडीकडे लक्ष द्या. पीपीसीमध्ये (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची बारीक राख, मिसळलेलीच असते, तिचे गोल कण मालाला वंगण देतात, आणि घोटायला वेळ जास्त मिळतो. पीपीसी वापरत असाल तर वरून आणखी फ्लाय ॲश घालू नका. ५३ ग्रेडचं ओपीसी (साधं पोर्टलँड सिमेंट) उन्हाळ्यात थापी फिरेपर्यंत अडायला लागतं.

कालवण्याचा क्रम

मिलरमध्ये आधी सगळं पाणी, त्यात रसायन, मग सिमेंट. एकसारखं दूध झालं की शेवटी दाणा. दाणा पडल्यावर दोन-तीन मिनिटं पुरे. एकच मिलर असेल आणि माल वाहून नेणारे हात कमी असतील, तर घाणा लहान करा, पण फिरवत ठेवू नका. पर्लाइटची निम्मी गाऱ्हाणी इथूनच सुरू होतात.

माल बरोबर झाला का, हे १० लिटरच्या बादलीने कळतं. रिकामी बादली तोलून घ्या, काठोकाठ भरा, ठोकू नका, पुन्हा तोला. १:५ पर्लाइटला मालाचं वजन सव्वासात किलोच्या आसपास यायला हवं. आठच्या वर गेलं तर हवा कमी धरली गेली किंवा दाण्याचा चुरा झाला. साडेसहाच्या खाली आलं तर रसायन जास्त पडलं. व्हर्मिक्युलाइट जड येतो, साडेआठच्या जवळपास. त्याला मुठीची परीक्षा अधिक चांगली. माल मुठीत दाबा. गोळा टिकला, बोटं ओली झाली पण पाणी टपकलं नाही, तर माल तयार. टपकलं तर पुढच्या घाण्यात तीन-चार लिटर पाणी कमी करा.

टाकताना कुठे बिघडतं

खालची जमीन ठीक नसेल तर वरचा कुठलाच माल वाचवू शकत नाही. देशावर काळी माती असेल तर ती काढून मुरूम थराथरांत ठोकून भरा. ती फुगते-आकसते आणि तळ फाडते. कोकणात जांभ्याच्या जमिनीत पावसाळ्यात पाणी सहज वर येतं. सगळ्यात खोल जागी पाणी उपसायला एक उभा पाइप आधीच बसवा, नाहीतर लायनर फुगून तरंगतो.

माल टाकण्यापूर्वी जमिनीवर पाणी मारून ओलावा धरा, पण साचू देऊ नका. खोल भागापासून सुरुवात, मग उतार, शेवटी उथळ भागातून बाहेर. उतारासाठी माल थोडा घट्ट ठेवा. व्हर्मिक्युलाइटवर थापी दाबून फिरवू नका. दाणा दबतो आणि हात उचलला की परत वर येतो, त्याने लाटा पडतात. हलका हात, दोन फेऱ्या. पर्लाइट थोडा ताठ झाल्यावर पोलादी थापीने घोटला की छान बंद होतो. झाकायला प्लॅस्टिक तयार ठेवा. धार सोडून पाणी मारलं तर कोवळा थर धुऊन जातो.

कोणी काय घ्यावं

गवंडी पहिल्यांदाच हे काम करत असेल, किंवा मिलर नसून पाटीवर फावड्याने कालवायचं असेल, तर व्हर्मिक्युलाइट. तो चुकांना जास्त माफ करतो, दुरुस्तीही सोपी. तलाव मोठा असेल, हवेचं रसायन मोजून घालणारा माणूस आणि बादली-काटा साइटवर असेल, तर पर्लाइट. पृष्ठभाग सरस येतो आणि उन्हाळ्यात पाण्याचा हिशेब सांभाळायला सोपा जातो. तळाला सतत शिडी किंवा जड सामान टेकणार असेल तर १:४ पर्लाइट. वाळू-सिमेंटचा कोबा तेव्हाच, जेव्हा हलका दाणा आणण्याचं भाडं परवडत नाही. तसं असेल तर लायनरखाली फोमची शीट अंथरावीच लागेल.

लायनर अंथरण्यापूर्वी, दोन-तीन दिवसांनी, अंधार पडल्यावर टॉर्च तळावर आडवी ठेवा. उजेड जमिनीला घासून जातो आणि दिवसा न दिसलेली थापीची प्रत्येक रेघ लांब सावली टाकते. त्या रेघा जाळीच्या घासकागदाने हलक्या हाताने काढा, भुगा झाडून घ्या, आणि मग अनवाणी पायाने पूर्ण तळ एकदा फिरून पाहा.