सोलरच्या गरम पाइपला इन्सुलेशन करून घेताय? पत्रा मारायच्या आधी आत काय घातलंय ते बघा

ज्यांच्या सोसायटीत सोलर वॉटर हीटर आहे आणि लाइनचं काम काढायचं चाललंय त्यांनी हे जरा वाचा. आमची पुण्यातली जुनी सोसायटी, गच्चीवर सोलर, आणि जुनी जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची, गरम लाइन गंजून गळायला लागली म्हणून एजीएममध्ये ठरलं की सगळी सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारी प्लास्टिकची पाइप) टाकायची आणि यावेळी इन्सुलेशन व्यवस्थित करायचं, कारण खालच्या मजल्यांना थंडीत गरम पाणी मिळतच नाही ही बोंब कायमची. कोटेशनं मागवली, एक ठेकेदार पसंत पडला. माणूस गोड बोलणारा, कोटेशनही फक्कड: १९ मिमी जाडीची नायट्राइल रबर फोमची नळी, सगळे जॉइंट सोल्युशनने (चिकटवायच्या गोंदाने) चिकटवलेले, फिटिंगचं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पाइपाच्या जोडांचं, इन्सुलेशन वेगळं नगावर, वरून २६ गेज अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आणि जिथे पत्रा नाही तिथे यूव्ही कोटिंग, म्हणजे उन्हापासून वाचवणारा लेप. मीटिंगला सॅम्पल पण घेऊन आला होता, कंपनीचं नाव आणि जाडी छापलेली मस्त काळी नळी, दाबली की परत फुगणारी. सगळ्यांनी हातात घेऊन बघितली आणि खूश झाले.

काम झालं, गच्चीवर चकचकीत पत्रा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो, अंगठे.

मग थंडी पडली. खालच्या मजल्यांची तक्रार जशीच्या तशी. ठेकेदाराला फोन केला तर म्हणे, "साहेब, पहाटेचं पहिलं पाणी रात्रभर लाइनमध्ये उभं असतं, ते गार येणारच, इन्सुलेशन म्हणजे काय हीटर नाही." आता गंमत अशी की हे अर्धं खरं आहे. पाऊण-एक इंची पाइपात रात्रभर थांबलेलं पाणी कितीही चांगलं इन्सुलेशन असलं तरी गार होतंच, इन्सुलेशन फक्त गार होण्याचा वेग कमी करतं. म्हणून बरेच जण गप्प बसले. पण आठ वाजता, म्हणजे सगळ्या बिल्डिंगने पाणी वापरून लाइन तापलेली असताना, वरच्या मजल्यावर चटका बसतो आणि खाली कोमट, आणि अर्धा तास नळ बंद ठेवला की परत गार, हे कसं काय? त्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

उघडकीला आलं ते एका गळक्या बॉल व्हॉल्व्हमुळे. आमचे नेहमीचे प्लंबर मामा व्हॉल्व्ह बदलायला पत्रा काढत होते, त्यांनी मला गच्चीवरून हाक मारली, "अहो, वर या जरा, हे बघा काय भरलंय." व्हॉल्व्हवर इन्सुलेशन शून्य. पत्र्याच्या आत पोकळी दिसू नये म्हणून सिमेंटच्या गोणीचे तुकडे आणि थर्मोकोल कोंबलेला. बिलात मात्र व्हॉल्व्ह, एल्बो, टी प्रत्येकाचे नगावर पैसे लावलेले! मग मामांना म्हटलं पुढचाही पत्रा काढा. पत्र्याखाली पहिला तुकडा तोच छापील नायट्राइल, आणि त्याच्या पुढे राखाडी रंगाची हलकीफुलकी नळी, टीव्हीच्या खोक्यात येतो तसला फोम, पट्टी लावून बघितली तर जेमतेम ९ मिमी. याला ईपीई म्हणतात. तो अगदीच टाकाऊ असतो असं नाही, पण रेट १९ मिमी नायट्राइलचा आणि माल हा! ईपीई नखाने दाबलं की खड्डा तसाच राहतो, नायट्राइल मात्र रबरासारखा परत वर येतो, एवढ्यावरून कुणालाही ओळखता येतं.

अजून एक प्रकार तर मला मामांनी सांगितला म्हणून कळला. जो नायट्राइल घातला होता तोही पाइपावर ढिला, गोल गोल फिरत होता. कारण सीपीव्हीसीची एक इंची पाइप बाहेरून २८.६ मिमी भरते आणि जीआयची एक इंची साधारण ३३.७. दोन्हीला आपण "एक इंची" म्हणतो पण नळ्या वेगळ्या लागतात. याने कुठल्यातरी जीआयच्या कामातल्या उरलेल्या ३५ मिमी भोकाच्या नळ्या आणून आमच्या सीपीव्हीसीवर चढवल्या. नळी पाइपावर चढवायला लांबीत चिरलेली बाजू सोल्युशनने नीट चिकटवायची, दोन्ही कडांना लावून जरा सुकू द्यायचं मग दाबायचं, तर ते सोडून नुसती काळी टेप गुंडाळलेली, ती उन्हाने सुटून लोंबत होती. मध्ये सगळी हवा खेळतेय.

पत्र्याचा जोड कुठे होता, तर वरच्या बाजूला, आभाळाकडे तोंड करून. जोड नेहमी खालच्या अंगाला किंवा बाजूला घ्यायचा आणि पत्र्यावर पत्रा असा चढवायचा की पाऊस वरून वाहून जाईल, आत शिरणार नाही. इथे पाणी सरळ आत. इन्सुलेशन ओलं झालं की उपयोग संपला, आणि तेच जीआय असतं तर आतल्या आत गंज लागला असता आणि बाहेरून वर्षानुवर्षं पत्ता लागला नसता. गेजचं म्हणाल तर २६ गेज म्हणजे साधारण ०.४५ मिमी, आमचा पत्रा अंगठ्याने दाबला की आत जात होता. मामांकडे जाडी मोजायचा व्हर्नियर नव्हता, शेजारच्या इंजिनिअर मुलाने त्याचा आणून मोजला, ०.३ पण भरला नाही. आणि यूव्ही कोटिंग? साधं काळं ऑइल पेंट. नायट्राइलला पुण्याचं ऊन अजिबात सोसत नाही, उघडा ठेवला की कडक होऊन तडे जातात, म्हणून पत्रा तरी हवा नाहीतर ग्लास क्लॉथ (काचेच्या धाग्याचं कापड) गुंडाळून खरोखरचं कोटिंग हवं.

सगळ्यात मोठा हात मारला तो डक्टमध्ये, म्हणजे पाइपा खाली उतरतात त्या उभ्या पोकळीत. गच्चीवर जेवढी पाइप आहे त्याच्या कितीतरी पट डक्टमधून खाली उतरते. प्रत्येक मजल्याच्या झडपेतून डोकावून दिसेल तेवढा हातभर भाग मस्त काळा, त्याच्या वर-खाली टॉर्च मारला की नुसती पिवळट सीपीव्हीसी. बिल पूर्ण उंचीचं, रनिंग मीटरने.

त्याला बोलावलं तर आधी "लेबरने केलं असेल, मला माहीतच नाही", मग "तुमच्या सेक्रेटरींनी काम पाहून सही केलीये की", आणि नंतर फोन उचलणंच बंद. सही केली होती ती पत्रा मारून झाल्यावर, त्याच्या आत डोकावायला सेक्रेटरींकडे काही एक्सरे मशीन नव्हतं. या धंद्यातली मेख हीच आहे, की खरा माल कायमचा झाकला जातो आणि झाकणाचेच पैसे दिसतात. त्यामुळे आता दुसऱ्याकडून करून घेताना आम्ही वर्क ऑर्डरमध्ये लिहूनच टाकलं: माल गच्चीवर आला की छापील नळ्यांचे आणि जीएसटी बिलाचे फोटो, इन्सुलेशन पूर्ण झाल्यावर पण पत्रा मारायच्या आधी कमिटीने बघायचं, डक्ट झडपेच्या वर आणि खाली फोन घालून व्हिडिओ करायचा, आणि फिटिंग एक एक मोजून मगच त्याचे पैसे. क्लॅम्प थेट पाइपला मारून इन्सुलेशन कापायचं नाही, इन्सुलेशनच्या बाहेरून लाकडी गुटका घालून धरायचं, हेही लिहिलं.

आणि एक, सीपीव्हीसीवर कुठलाही रबर फोम डोळे झाकून घालू नका. काही फोममधल्या प्लास्टिसायझरने (फोम मऊ ठेवणाऱ्या रसायनाने) सीपीव्हीसीला तडे जातात, त्यामुळे पाइप कंपनीला विचारून कुठला चालतो ते लेखी घ्या. आमच्या आधीच्या ठेकेदाराला हा प्रश्न विचारला असता तर त्याने "चालतंय हो साहेब" असंच म्हटलं असतं म्हणा.

पैशाचं सांगायचं तर शेवटचा हप्ता आमच्याकडे अडकवलेला होता, तेवढाच वाचला. बाकीसाठी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय आणि जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी चाललीय, सोसायटीलाही तक्रार करता येते आणि मुदत २ वर्षांची असते. मामांनी काढलेले पत्रे, गोणीचे तुकडे आणि तो राखाडी फोम सगळं पंचनामा करून पोत्यात बांधून पंप रूममध्ये ठेवलंय. कुणी टाकून देऊ नये म्हणून वर चिठ्ठीही चिकटवलीय, कारण आमचे वॉचमन काका भंगारवाला आला की कशालाच सोडत नाहीत.