जीटी८६ : आधी टायर की आधी स्प्रिंग?

टोयोटाने २०१२ साली बाजारात आणलेल्या जीटी८६ या स्पोर्ट्स कारला २१५/४५ आर १७ मापाचे मिशेलिन प्रायमसी टायर दिले. बेताच्या पकडीची ही निवड मुद्दाम केलेली होती, म्हणजे मागची चाके माफक वेगातही सरकावीत आणि चालवणाऱ्याला त्यातली गंमत कळावी. साहजिकच पहिला खर्च टायरवर करावा की गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगवर, हा प्रश्न नव्या मालकाला पडतोच.

चिकट रबराच्या टायरांमुळे ब्रेक लागण्याचे अंतर, वळणावरचा वेग आणि स्टीअरिंगचा प्रतिसाद हे तिन्ही एकदम सुधारते. मात्र ते लवकर झिजतात आणि मूळची ती खेळकर घसरणही बरीच कमी होते.

आखूड स्प्रिंगमुळे गाडी देखणी दिसते, हे खरे. पण पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकाच खांबात असलेली रचना) असल्याने गाडी फार खाली आणल्यास रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गुरुत्वमध्य जितका खाली येतो त्याहून अधिक खाली जाते, दोहोंमधले अंतर वाढते आणि कलण्याची प्रवृत्ती उलट बळावते; शिवाय शॉक अॅब्सॉर्बरची चाल अपुरी पडून तो बंपस्टॉपवर, म्हणजे चालीच्या शेवटी असलेल्या रबरी ठोकळ्यावर, आदळतो, आणि ऐन वळणात खड्डा आला की पकड झटक्यात सुटते.

वळणावर गाडीचे तोंड बाहेर जात असेल, तर कोणतीही खरेदी करण्याआधी पुढच्या टायरच्या कडा पाहाव्यात. बाहेरची कड आतल्यापेक्षा बरीच जास्त झिजली असेल, तर बहुधा कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकवणारा कोन, कमी पडतो आहे. हा कोन बदलू देणारे कॅम्बर बोल्ट बसवून अलाइनमेंट करून घेणे कितीतरी स्वस्त पडते. त्यानंतर उरलेले पैसे टायरवरच घालावेत.