दोन विषयांतल्या संशोधनाची मोजणी: एडीएसचा अनुभव

एका सहकाऱ्याच्या मूल्यमापनासाठी त्यांच्या संशोधनाचा अहवाल तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्या निमित्ताने नासाच्या निधीवर चालणारी ॲस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टीम ही ऑनलाइन निबंधसूची, म्हणजे खगोलशास्त्रज्ञांच्या बोलण्यातली ‘एडीएस’, मी पहिल्यांदाच निबंध शोधण्याऐवजी सायटेशन (इतर निबंधांनी केलेले उल्लेख) मोजण्यासाठी वापरली. सहकाऱ्यांचे निम्मे काम रेडिओ दुर्बिणींच्या निरीक्षणांवर आहे आणि निम्मे त्या निरीक्षणांचा डेटा दूरवर पोहोचवणाऱ्या नेटवर्कवर. हे दोन विषय किती जवळचे आहेत हे बाहेरच्यांना सहसा जाणवत नाही. जगभरातल्या रेडिओ दुर्बिणी एकत्र जोडून कृष्णविवराचे चित्र टिपणाऱ्या इव्हेंट होरायझन टेलिस्कोपच्या २०१७ सालच्या निरीक्षणांचा डेटा इतका मोठा होता की तो हार्ड डिस्कवर साठवून विमानाने न्यावा लागला. त्यामुळे या माणसाच्या कामाचे दोन तुकडे करून एकाचीच मोजदाद होणे मला अन्यायाचे वाटते.

स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेकडून चालवली जाणारी ही सेवा विनामूल्य आहे. संशोधकाचे निबंध निवडून मोजणीचे पान उघडले की एकूण सायटेशन, समीक्षित (तज्ज्ञांनी तपासलेल्या) निबंधांची सायटेशन, एच-इंडेक्स (जितक्या निबंधांना प्रत्येकी किमान तितकीच सायटेशन मिळाली ती संख्या), दरवर्षीचे आलेख आणि निबंध किती वेळा उघडले गेले याची नोंद एकत्र मिळते. समीक्षित आणि असमीक्षित निबंधांचे आकडे शेजारी शेजारी दाखवण्याची पद्धत मला फार उपयोगी वाटली, कारण परिषदेतल्या दोन पानी सारांशामुळे फुगलेली निबंधसंख्या तिथे लगेच लक्षात येते.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो लेखकसंख्येने भागलेला आकडा. गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या शोधाचा २०१६ सालचा निबंध हजाराहून अधिक लेखकांचा आहे आणि त्यात नावे वर्णानुक्रमाने आहेत, म्हणजे पहिला लेखक कोण यावरून कोणाचा वाटा किती हे ठरवता येत नाही. नेटवर्किंगमध्ये मात्र निबंधाला बहुधा मोजकेच लेखक असतात. समजा, १,००० लेखकांच्या निबंधाला ५,००० सायटेशन मिळाली आणि ४ लेखकांच्या निबंधाला १००, तर साध्या बेरजेत पहिला निबंध पन्नासपट मोठा ठरतो. लेखकसंख्येने भागल्यावर मात्र पहिल्याच्या वाट्याला ५ आणि दुसऱ्याच्या वाट्याला २५ येतात. यातला कोणताही एक आकडा पूर्ण सत्य सांगतो असे मी म्हणणार नाही, पण समितीसमोर दोन्ही असायलाच हवेत, आणि एडीएस ते दोन्ही एका पानावर देते.

याच्याही पुढचे पाऊल म्हणजे ‘टोरी’ हा निर्देशांक. तो स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वगळतो, निबंधाच्या लेखकसंख्येने भागतो आणि उल्लेख करणाऱ्या निबंधाची संदर्भसूची किती लांब आहे यानेही भागतो. ज्या विषयात प्रत्येक निबंधाला लांबलचक सूची जोडण्याची रीत आहे तिथले सायटेशन स्वस्त असते, हे यामागचे साधे तत्त्व आहे, आणि दोन विषयांत काम करणाऱ्या माणसासाठी ते एच-इंडेक्सपेक्षा कितीतरी न्याय्य आहे. एच-इंडेक्स मांडणाऱ्या होर्खे हिर्श यांनीही २००५ सालच्या मूळ निबंधात वेगवेगळ्या विषयांतले आकडे सारखे नसतात हे नोंदवले होते, तरी समित्या तो आकडा सरसकट लावतात.

आता उणीव, आणि ती लहान नाही. नेटवर्किंगमधले महत्त्वाचे काम मुख्यतः सिगकॉम, इन्फोकॉम यांसारख्या परिषदांत प्रसिद्ध होते आणि तिथल्या कार्यवृत्तांवर एडीएसचा भर नाही. अर्काइव्ह (arXiv) या खुल्या निबंधसंग्रहावर ठेवलेला नेटवर्किंगचा निबंध एडीएसमध्ये सापडतो, पण त्याचा उल्लेख करणारे परिषदांतले बरेचसे निबंध तिथे नसल्यामुळे सायटेशनचा आकडा तोकडा दिसतो. संगणकशास्त्राची डीबीएलपी ही सूची निबंधांची यादी पडताळण्यासाठी उत्तम आहे, आणि मी ती शेजारी उघडी ठेवूनच काम केले.

नेटवर्किंगच्या सायटेशन मोजणीतली ही उणीव गूगल स्कॉलर भरून काढते. २००४ साली सुरू झालेली ही सेवा परिषदांचे निबंध, प्रबंध आणि तांत्रिक अहवाल असे सगळे गोळा करते, त्यामुळे नेटवर्किंगचे काम तिथे बरेच पूर्ण दिसते. मात्र तिथे समीक्षित निबंध वेगळे काढता येत नाहीत, लेखकसंख्येचा विचार होत नाही आणि स्वतःची सायटेशन वगळण्याची सोय नाही. व्यापकतेसाठी ती वापरावी, पण तिथला एकच आकडा उचलून निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नावांच्या बाबतीत एडीएसवर थोडे कष्ट घ्यावे लागतात. आडनाव आणि आद्याक्षराने शोधले की त्याच नावाच्या इतरांचेही निबंध यादीत येतात. ऑर्किड (ORCID) या संशोधकाच्या स्वतंत्र ओळखक्रमांकाने शोधणे सर्वांत सोपे, पण संशोधकाने आपले निबंध त्या क्रमांकाशी आधी जोडलेले असावे लागतात. मी खाते उघडून तिथल्या ‘लायब्ररी’त निबंध एकेक करून तपासून घेतले आणि मोजणी त्या यादीवरच केली. खगोलभौतिकी आणि नेटवर्किंग यांच्या दोन वेगळ्या लायब्ररी केल्यावर चित्र खूपच स्वच्छ झाले.

दोन्ही सेवांना न पकडता येणारी एक गोष्ट मला अहवालात शब्दांत लिहावी लागली. नेटवर्किंगमधल्या कामाचा प्रभाव पुष्कळदा इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेच्या ‘आरएफसी’ नावाच्या दस्तऐवजांतून पुढे जातो. अवकाशयानांसाठीच्या विलंबसहिष्णू (संदेश उशिरा पोहोचला तरी चालणाऱ्या) संपर्काच्या बंडल प्रोटोकॉलची सातवी आवृत्ती २०२२ साली आरएफसी ९१७१ म्हणून प्रसिद्ध झाली. अशा प्रोटोकॉलवर सॉफ्टवेअर लिहिणारा अभियंता निबंध लिहीत नाही, म्हणून तो सायटेशनही देत नाही. अहवालात मी एडीएसचे आकडे खगोलभौतिकीच्या यादीसमोर आणि स्कॉलरचे नेटवर्किंगच्या यादीसमोर ठेवले, प्रत्येकाखाली मोजणीची तारीख लिहिली, त्यांची बेरीज केली नाही, आणि प्रोटोकॉलवरच्या कामासाठी अर्धे पान वेगळे राखले.