डब्ल्यूपीसी डेक: खान्देशातल्या दोन उन्हाळ्यांनंतर

डिसेंबर २०२३ मध्ये घराच्या मागच्या दारी डब्ल्यूपीसीचा, म्हणजे लाकूड-प्लास्टिकच्या मिश्र पट्ट्यांचा डेक टाकला, १६ बाय १२ फूट. आज १९ महिने झाले, म्हणजे दोन उन्हाळे, एक पूर्ण पावसाळा आणि आता दुसरा सुरू झालाय. गाव आमचं फैजपूरकडचं, तिन्ही बाजूंनी केळी, जमीन काळी, आणि मे महिन्यात ४५ च्या वर पारा जाणं काही नवीन नाही. टाकायच्या आधी मी खूप शोधलं पण जे सापडायचं ते पुण्या-मुंबईच्या बाल्कनीतलं, आपल्याकडच्या उन्हात हे कसं टिकतं ते कोणी सांगत नव्हतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी तिथं लाकडी ओटा होता. आजोबांचं धाब्याचं घर उतरवलं तेव्हा सागाच्या तुळया आणि फळ्या निघाल्या, वडिलांनी त्याचाच मागे ओटा करून घेतला. दरवर्षी पावसाळ्याआधी अळशीचं तेल पाजायचं, खिळे ठोकायचे, तरी सातव्या वर्षी उधई (वाळवी) लागली. सागाचा गाभा तसा टिकला, पण कडेचं पांढरं लाकूड आतून पार पोकळ. वरून फळी साबूत दिसायची आणि एक दिवस मायचा पाय आत गेला. घोटा मुरगळला, दीड महिना बसून होती. त्या दिवशीच ठरवलं की आता बाहेर लाकूड नको.

मग पर्याय बघायला लागलो. शहाबादी फरशी सगळ्यात स्वस्त आणि तिला खरंच काही करावं लागत नाही, पण आमच्या काळ्या मातीत ती सरळ राहत नाही. उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात तीच माती फुगते, वर्षा-दोन वर्षांत फरशी कुठं उचलते कुठं बसते. ज्यांची जमीन मुरमाड आहे किंवा खाली पक्का स्लॅब आहे त्यांनी खुशाल शहाबादी किंवा कोटा टाकावा, डेकच्या मागे लागूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. २० एमएम जाडीच्या पोर्सिलेन टाइल्स स्टँडवर ठेवायची पद्धतही बघितली, रंग जात नाही, डाग बसत नाही, पण वजन आणि भाव दोन्ही भारी. पूर्ण पीव्हीसीचा डेक हलका असतो, पाणी अजिबात पीत नाही, पण उन्हात डब्ल्यूपीसीपेक्षा जास्त लांबतो, आपल्याकडे मला ते पटलं नाही.

डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र वितळवून काढलेली पट्टी. अमेरिकेत ट्रेक्स कंपनी १९९६ पासून हेच विकतेय, त्यामुळे माल नवखा नाही. पण इथं एक मोठा घोळ आहे तो नीट समजून घ्या. आपल्याकडच्या प्लायवूडच्या दुकानात डब्ल्यूपीसी मागितलं की दाराच्या चौकटीला आणि किचनच्या ट्रॉलीला वापरतात तो पांढरट फोमचा बोर्ड दाखवतात. तो बाहेर उन्हात पायाखाली टाकायचा नसतो. डेकसाठी पट्टी वेगळी येते, बहुतेक एचडीपीई नावाच्या प्लास्टिकची, साधारण १४० एमएम रुंद, २५ एमएम जाड आणि २.९ मीटर लांब. मला एका दुकानदाराने दोन्ही एकच आहे असं छातीठोक सांगितलं होतं, मी तिथून सरळ बाहेर पडलो.

डेकच्या पट्टीतही दोन जाती. एक साधी, आणि दुसरी कॅप्ड, म्हणजे बाहेरून प्लास्टिकचं पातळ कवच असलेली. मी ऑक्टोबरमध्ये चार कंपन्यांचे तुकडे आणून महिनाभर गच्चीवर उन्हात ठेवले, प्रत्येकावर अर्ध्या भागात फरशीचा तुकडा झाकून. महिन्याने फरशी उचलली तर साध्या पट्ट्यांवर झाकलेला आणि उघडा भाग दोन वेगळ्या रंगांचे झाले होते, कॅप्डवर फरक शोधावा लागत होता. म्हणून डेकला कॅप्ड भरीव पट्टी घेतली आणि मागच्या दोन पायऱ्यांना पैसे वाचवायला साधी. त्यामुळे आता दोन्हीचा अनुभव शेजारी शेजारी बघायला मिळतोय.

पायऱ्यांचं आधी सांगतो. पहिल्या पावसात त्यांच्यातून चहासारखं तपकिरी पाणी गळलं आणि खालच्या कोब्यावर ओघळ उठले. लाकडाच्या भुशातला रंग असतो तो, दोन-तीन पावसांत थांबतो पण कोब्यावरचे डाग मी घासून घासून काढले. तीन महिन्यांत चॉकलेटी रंगाचा राखाडी झाला. मागच्या श्रावणात बारीक काळे ठिपके आले, बुरशीचे, साबणाच्या पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने निघाले पण परत आले. साध्या पट्टीची एक गोष्ट मात्र चांगली, ओरखडा पडला तर पॉलिश पेपर मारून घालवता येतो. कॅप्डला तसं करता येत नाही, कवच गेलं की गेलं.

आता मुख्य गोष्ट, फिटिंग. बोर्ड कितीही चांगला घ्या, खालची चौकट आणि फट चुकली की सगळं वाया. मी जमीन दीड फूट खोदून काळी माती काढली, मुरूम भरून कुटला, वर चार इंच पीसीसी (साधं काँक्रीट) केलं आणि पाणी वाहून जायला शंभराला एक असा उतार दिला. हे काम चोख झालं, आजपर्यंत कुठं लेव्हल हलली नाही. चौकट जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या चौकोनी पाइपची, कापलेल्या तोंडांना झिंक पेंट, स्क्रू ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे. पण पाइप किती अंतरावर हे विचारलं तर माल देणारा म्हणाला दोन फुटांवर चालतील, आणि मी ऐकलं. बसवणाऱ्या मिस्त्रीने पट्ट्या टोकाला टोक भिडवून बसवल्या, भाऊ फट राहिली तर बरी दिसत नाही म्हणे. डिसेंबरची थंडी होती, सकाळी दहा-अकरा डिग्री, सगळं एकदम टकाटक दिसत होतं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी मागून फाट असा आवाज आला. जाऊन बघतो तर मधल्या तीन पट्ट्या कमानीसारख्या वर आलेल्या, पट्टी पाइपला धरून ठेवणाऱ्या एका क्लिपचा स्क्रू उपटून बाजूला पडलेला. हिशोब साधा आहे पण तेव्हा कोणी सांगितला नाही. तीन मीटरची पट्टी थंडीतल्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत सहा-सात एमएम लांबते, तिला जागाच नसेल तर ती वरच उचलणार. कंपनीकडे फोन केला, त्यांनी वॉरंटी कार्ड वाचायला लावलं. त्यात फक्त सडणं आणि वाळवी, तेही त्यांच्या सांगितलेल्या अंतरावर बसवलं असेल तरच. अंतर कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं, १२ इंच. माल देताना ते कार्ड माझ्या हातात दिलंच नव्हतं, बिलासोबत नंतर आलं. मला याचा आजही राग आहे, कारण एवढी एक ओळ आधी कळाली असती तर दुप्पट मजुरी लागली नसती.

मग दुसरा मिस्त्री बोलावला, भुसावळचा, रेल्वेतून रिटायर झालेला माणूस. त्याने पट्ट्या बघितल्या आणि म्हणाला, "भाऊ, रुळाला फट का ठेवतात? तेच आहे हे." सगळं उकललं, मधे पाइप वाढवून एक-एक फुटावर घेतले, जिथं दोन पट्ट्यांची टोकं येतात तिथं जोडीने दोन पाइप, म्हणजे प्रत्येक टोकाला आपला आधार. फट टोकांमध्ये सात एमएम, भिंतीपासून दहा एमएम, बाजूला क्लिपची पाच एमएम. प्रत्येक पट्टीला एकाच जागी पक्का स्क्रू, बाकी क्लिपवर मोकळी, सरकायला. यंदा मेमध्ये भर दुपारी मी मुद्दाम वाकून बघितलं, जानेवारीत ज्या फटीत पेन्सिल जात होती तिथं आता एक रुपयाचं नाणं कसंबसं शिरलं. आणि एकही पट्टी हलली नाही.

सगळं धरून मला साधारण ४७० रुपये फूट पडलं, म्हणजे नव्वद हजारांच्या थोडं वर, दुसऱ्यांदा उकलायची मजुरी वेगळी.

ऊन. याबद्दल कोणी खरं बोलत नाही. मी गडद चॉकलेटी रंग घेतला, जुन्या सागासारखा दिसतो म्हणून, आणि ही माझी सगळ्यात मोठी चूक. २०२४ च्या आखाजीला (अक्षय तृतीयेला) बहीण माहेरी आली होती, कडुनिंबाला झोका बांधला होता, भाच्या दुपारी अनवाणी पळत डेकवर गेल्या आणि धाकटी जागीच रडायला लागली, तळपायाला फोड आला. दुसऱ्या दिवशी मित्राकडून ते बंदुकीसारखं थर्मामीटर आणलं. अडीच वाजता डेक ६७, गच्चीवर पडलेला फिक्या राखाडी रंगाचा नमुना ५८, बाजूला ठेवलेली सागाची जुनी फळी ५५. म्हणजे रंगानेच नऊ डिग्रीचा फरक. आपल्याकडे बोर्ड घेताना फिकाच घ्या, राखाडी किंवा वाळूसारखा, यात मागेपुढे बघू नका. शेवटी मी केळीच्या रोपवाटिकेत असते तसली हिरवी शेडनेट वर ताणली, त्याने दुपारी ४९ वर आलं. संध्याकाळी सडा मारला की अर्ध्या तासात बसण्यासारखं होतं. माय पापड-कुरडया आता तिथंच खाट टाकून वाळवते, नेट बाजूला सरकवून.

डागांचं म्हणाल तर भरीताच्या पार्टीने परीक्षा घेतली. थंडीत बामणोदची वांगी आणली होती, शेजारच्या अंगणात पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) भाजत होतो आणि वाऱ्याने एक ठिणगी डेकवर आली. तांदळाच्या दाण्याएवढी जागा वितळून खळगा झाला, तो कायमचा. सागावर काळा डाग पडला असता, रंधा मारून गेला असता. तेव्हापासून विस्तव डेकपासून दूर, दिवाळीच्या पणत्यासुद्धा ताटलीत. शेंगदाण्याचं तेल सांडलं होतं ते मात्र भांड्याच्या साबणाने लगेच निघालं. पायरीवर सांडलेलं तेच तेल आजही दिसतं. बोअरचं पाणी जड आहे, त्याचे पांढरे ठसे गडद रंगावर उठून दिसतात, व्हिनेगर पाण्यात घालून पुसलं की जातात.

रोजचं काम म्हणजे झाडू, आणि महिन्यातून एकदा फटीतली माती-निंबोळ्या काढणं. हे टाळू नका. काळी माती फटीत जाऊन भिजली की घट्ट बसते, खाली हवा खेळत नाही, आणि पट्टीला सरकायची जी जागा ठेवली ती बुजते. मी सायकलची जुनी स्पोक वाकवून आकडा केलाय, तो फटीत घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत जायचं, पाऊण तास लागतो. तेल नाही, पॉलिश नाही, खिळे नाहीत. पट्टीची एक बाजू नाळीची (लांब खाचांची) असते आणि एक लाकडाच्या रेषांची, मी रेषांची वर ठेवली कारण नाळीत चिखल बसतो. पावसात शेवाळ आलं तर दोन्ही घसरतात, ब्रश मारावाच लागतो.

पट्टीला उधई लागली नाही, पण जीआय पाइपवरून मातीची बोटभर नळी करून ती दाराच्या लाकडी चौकटीकडे निघाली होती. मागच्या ऑगस्टमध्ये बाजूची जाळी काढून बॅटरी मारली तेव्हा दिसलं. तेव्हा खाली औषध मारून घ्याच, पीसीसी करायच्या आधी. आणि शेतातलं घर असेल तर चारही बाजूंना बारीक जाळी लावा, विंचू आणि उंदीर दोन्ही सावली शोधत येतात. जाळीच लावा, पत्रा नको, खाली वारा लागतो.

येत्या दिवाळीआधी दोन्ही पायऱ्या काढून फिकी कॅप्ड पट्टी टाकणार आहे. डेकचा रंग आता बदलता येत नाही, तो शेडनेटखालीच राहणार. घेणाऱ्यांनी तीन-चार पट्ट्या जास्तीच्या आणून ठेवा, पुढच्या लॉटचा रंग जुळत नाही. माझ्या तीन पट्ट्या गोडाऊनमध्ये आडव्या ठेवल्यात, भिंतीला टेकून उभ्या ठेवल्या तर उन्हाळ्यात वाकतात. आजोबांच्या फळ्यांतल्या चार चांगल्या निघाल्या, त्यांचा झोपाळा करून घेतला, तो आत ओसरीत आहे आणि दुपारी माय त्याच्यावरच असते.