-जे की -एल? बिल्डला लगाम कुठून घालायचा

सोर्स कोडपासून प्रोग्रॅम बांधणाऱ्या (बिल्ड करणाऱ्या) जीएनयू मेक या साधनाला ‘-जे 8’ सांगितलं की एका वेळी जास्तीत जास्त 8 कामं चालतात. ‘-एल 8’ चा हिशोब वेगळा: लोड (म्हणजे यंत्रावर चालू किंवा वाट बघणाऱ्या कामांची सरासरी संख्या) 8 किंवा त्याहून जास्त असेल आणि एखादं काम आधीच चालू असेल, तर नवं काम सुरू होत नाही. नुसतं -एल देऊन मात्र काही उपयोग नाही, कारण -जे शिवाय मेक एकेकच काम करतं.

-जे भरवशाचा, पण शेजाऱ्यांशी त्याला देणंघेणं नाही. जेंटू या लिनक्सवर पोर्टेज (त्याचा पॅकेज मॅनेजर) 4 पॅकेजेस एकदम बांधतंय आणि प्रत्येकाला -जे 8 मिळालंय, तर थेट 32 कंपायलर चालू शकतात. -जे पुढचा आकडा विसरलात तर मर्यादाच उरत नाही!

अशा वेळी -एल कामाला येतो. त्याची खोड अशी, की मिनिटाची लोड सरासरी हळू हलते. ती चढेपर्यंत कामांची झुंबड उडून गेलेली असते, आणि उतरेपर्यंत कोअर रिकामे बसतात. आवृत्ती 4.4 पासून लिनक्सवर मेक त्या क्षणी धावणाऱ्या कामांची संख्या बघतं, त्यामुळे हे दुखणं बरंच कमी झालं.

रॅमकडे दोघंही बघत नाहीत. जड सी++ फाइल्स एकदम आल्या की लोड मर्यादेत असूनही रॅम संपते आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) कंपायलरचा गळा धरतो, म्हणजे तो मध्येच बंद पाडतो. म्हणून सामायिक सर्व्हरवर मी -जे रॅम बघून ठरवेन, -एल कोअर मोजून. स्वतःच्या लॅपटॉपवर -जे आणि सोबत ‘नाइस’ (कामाचा अग्रक्रम कमी करणारी आज्ञा) पुरे.